निळ्या पाण्यातला थेंब

आप्पा, तुमच्या अंगात रक्त कमी नव्हतं. बाकीचं सावकाश सांगेन, आज मला कसली घाई नाही, पण हे एवढं आधी सांगून टाकते. शनिवारची दुपार आहे. टोकरखाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत पंखा फिरतोय, खिडकीला मायची जुनी हिरवी साडी पडदा म्हणून लावलीय आणि तिच्यातून येणारा उजेड फरशीवर पाण्यासारखा हलतोय. माय आत झोपलीय. तुमचे जावई, म्हणजे तुम्ही कधीच न पाहिलेले, डहाणूकडचे आहेत आणि इथल्या शाळेत गणित शिकवतात. सकाळची शाळा आटोपून ते मघापासून पेपर वाचतायत, पण पान काही उलटत नाहीये. मला तिसरा महिना सरत आलाय. सोमवारी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट यायचाय आणि आमच्या बाळाचं कसं होणार ते त्या रिपोर्टवर ठरणार आहे. याला कारण तुम्ही आहात, आप्पा. रागवू नका, मी दोष देत नाहीये. सांगते.

इथल्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी नाव घातलं की सगळ्या बायकांची सिकलची तपासणी करतात. इथल्या पाड्यांवर तो आजार पुष्कळ घरांत आहे, त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. तुम्ही धुळ्याकडच्या की कोकणातल्या हे कुणी विचारत बसत नाही, रांगेत उभ्या राहिलात की दंड पुढे करायचा. मीही केला. पुढच्या खेपेला नर्सबाई म्हणाल्या, “तुमचं सिकल नाही हां ताई, टेन्शन नका घेऊ. पण मॅडमनी आत बोलावलंय.” हे ऐकून टेन्शन न घेणारी बाई मला अजून भेटायचीय. आत डॉक्टरबाई बसल्या होत्या. माझ्याहून फार मोठ्या नसतील, केस घाईनं बांधलेले, समोर चहा गार झालेला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्हाला कधी कुणी रक्त कमी आहे असं सांगितलंय?” मला हसूच आलं. म्हटलं, लहानपणापासून. “आणि लोहाच्या गोळ्या?” म्हटलं, मूठमूठ. “फरक पडला?” म्हटलं, पोट बिघडायचं, एवढाच. तेव्हा त्याही हसल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या तांबड्या पेशी लहान आहेत. कमी नाहीत. उलट इतरांपेक्षा थोड्या जास्तच आहेत. एकेक पेशी लहान, तिच्यात रंग कमी, म्हणून रक्त तपासणीत हलकं भरतं आणि शरीर पेशी जास्त बनवत बसतं.”

मी नुसती रिपोर्टाकडे बघत होते, तर त्यांना वाटलं मला कळलं नाही. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. जसं नाक घरातून येतं, उंची येते, केसांचं वळण येतं, तसंच रक्तही घरातून येतं. पेशी केवढ्या, किती, त्यांच्यात रंग किती, रक्त गोठवणाऱ्या बारक्या चकत्या किती, हे दर माणसाचं थोडं थोडं वेगळं असतं. बहुतेक वेळा आईकडच्या आणि वडलांकडच्या शेकडो बारीकसारीक गोष्टी मिळून ते ठरतं, कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. पण कधी कधी एकच गोष्ट मोठी असते आणि ती सरळ एका माणसाकडून दुसऱ्याकडे येते. माझी तशी आहे. तिला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. नावाला घाबरायचं नाही, अशा माणसाला आजार नसतो, तो जन्मभर नांगर ओढू शकतो. फक्त नवराही तसाच निघाला तर मात्र बघावं लागतं, कारण मग चारातल्या एका बाळाला दोन्हीकडून तेच मिळतं आणि त्या बाळाला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहावं लागतं. म्हणून तुमच्या जावयांचं रक्त गेलंय मोठ्या लॅबला. मायचंही तपासलं. तिच्या पेशी भरल्या अंगाच्या, तिच्यासारख्याच. “मग वडलांकडून,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वडील आहेत?” मी नाही म्हटलं. त्या रिपोर्ट मिटत म्हणाल्या, “मग त्यांचं तपासायची गरजही नाही. तुमच्यात दिसलं ते त्यांचंच.” बाहेर येऊन मी बाकावर किती वेळ बसले कोण जाणे. दंडाला कापसाचा बोळा होता, त्यावर एक लाल ठिपका. मी त्याच्याकडे बघत बसले.

तिथं बसल्या बसल्या मला कंपनीचं आवार दिसायला लागलं. तुमची नरोलीची धाग्याची कंपनी. शेठच्या वडलांच्या पुण्यतिथीला तिथं रक्तदानाचा कॅम्प असतो, मांडव घालतात, घरच्या मंडळींनाही बोलवतात आणि आम्हा पोरांना कागदी कपातलं आईस्क्रीम मिळतं. मी तुमचं बोट धरून उभी आहे. तुमच्या मिशीत धाग्याचा पांढरा भुसा आहे, तो कामावरून सुटलात तरी जात नाही. टेबलावर एक काचेचा पेला आहे आणि त्यात निळं पाणी. इतकं निळं पाणी मी नदीत पाहिलेलं नाही, आभाळातही नाही. “मोरचूद आहे ते,” तुम्ही मला कानात सांगता, “गावाकडं द्राक्षावर मारतात ना, तेच.” तपासणारा पोरगा तुमचं बोट टोचतो, काचेच्या बारीक नळीत रक्त घेतो आणि निळ्या पाण्यात एक थेंब सोडतो. थेंब बुडाला तर रक्त जड आहे, चांगलं आहे, खाटेवर जाऊन झोपायचं. तरंगला तर घरी जायचं. तुमचा थेंब आधी खाली जातो. मी श्वास धरते. तुम्हीही धरता. लालभडक मणी निळ्यातून खाली खाली जातो, मध्येच थांबतो, काहीतरी विसरल्यासारखा, आणि हळूहळू परत वर येतो.

“अरे काका, तमारुं तो पाछुं तरी गयुं!” तुमचा गुजराती सुपरवायझर ओरडतो आणि सगळा मांडव हसतो. दर वर्षी तो हेच ओरडायचा, तुमचं परत तरंगलं म्हणून, आणि लोक दर वर्षी नव्यानं हसायचे. तुमच्यासारखा आडमाप माणूस, बॉबिनचे दोन-दोन क्रेट खांद्यावर टाकून नेणारा, आणि रक्त मात्र बुडत नाही. तुम्हीही हसायचात. रक्त न देताही चहा-बिस्किटं मिळायची, ती माझ्या हातात द्यायचात. रिक्षात बसलो की मात्र तुम्ही बोलायचा नाहीत. बोटावरचा कापूस दाबून धरायचात, रक्त थांबलेलं असायचं तरी. मला तेव्हा कळायचं नाही, एवढं हसं होतं तर दर वर्षी रांगेत उभं कशाला राहायचं?

कारण मायनं मला पुढे सांगितलं, आणि त्यातलं थोडं मला आठवतंही. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा मायला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि ते बाळ राहिलं नाही. मला आठवतो तो दवाखान्याचा लांब पॅसेज, ओल्या फरशीचा फिनेलचा वास आणि माझ्या मांडीवर मायच्या चपला. माय आत आहे. तिचं रक्त जायचं थांबत नाहीये, रक्त द्यावं लागेल, कुणीतरी घरचं माणूस आणा, असं म्हणतायत. तुम्ही धावत गेलात. तुमचा आणि मायचा गट एकच आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं, त्याचा तुम्हाला केवढा अभिमान. आणि त्या दिवशीही तिथं तो निळा पेला होता. तुम्ही परत आलात ते बोटाकडे बघत. मी विचारलं, “मायला दिलं?” तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात. इतका मोठा माणूस असा खाली बसताना मी तोवर पाहिला नव्हता. मग कंपनीतले किलवणीचे काका आले. गोदामात तुमच्याबरोबर माल चढवायचे, अंगानं काटकुळे, वारली माणूस, चार शब्दांच्या वर बोलायचे नाहीत. त्यांचाही गट जुळला आणि थेंब बुडाला, टपकन. मायला रक्त मिळालं.

तिथून तुमच्या त्या हट्टाची सुरुवात झाली. मायला देता आलं नाही ते कुणाला तरी द्यायचं, एकदा तरी. आणि घरात जे सुरू झालं, देवा! लोखंडी कढई आली. भाजी काळी पडायची, आमटी काळी, एकदा मायनं खीरसुद्धा त्यात केली. गूळ-शेंगदाणे तुमच्या खिशात, बीट किसलेलं, बीट उकडलेलं, बीट पोळीत लपवलेलं. शेवग्याच्या पाल्यासाठी तुम्ही ड्यूटीवरून येताना कुणाच्या कुणाच्या परसात शिरायचात. वर त्या लाल गोळ्या. कॅम्पच्या आधी महिनाभर तर आमच्या घराचा दवाखाना व्हायचा. आणि थेंब वर यायचा तो यायचाच. मग माय चिडायची. “खाल्लेलं जातं कुठं तुमचं? का माझ्या हातचंच लागत नाही?” तिच्या सासरहून येणारी माणसंही तेच म्हणायची, सुनेच्या हाताला कस नाही म्हणून. ती हे ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक बीट किसायची.

एकदाच तुम्ही मला रागावलात, आठवतं का? शाळेत तपासणी झाली होती. बाईंनी माझ्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, बोट टोचलं आणि रक्त कमी म्हणून मलाही गोळ्या दिल्या. मी उड्या मारत घरी आले. मला वाटलं, मोठंच काही मिळालंय. दारातूनच ओरडले, “आप्पा, मी तुमच्यावर गेले! माझंही तरंगतं!” तुम्ही जेवत होता. ताट सरकवलंत. “माझ्यावर नको जाऊ बरं, बाई! नाक घे, डोळे घे, काय घ्यायचं ते घे. हे नको घेऊ. मायवर जा.” आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बंद केला. मी रडले. तुम्ही उष्ट्या हातानंच मला जवळ घेतलंत आणि मग हळू आवाजात गावच्या बोलीत म्हणालात, “मनं रगत हलकं शे. तुनं जड व्हवाले जोयजे.” माझं हलकं आहे, तुझं जड व्हायला हवं. तुमच्या मिशीतला भुसा माझ्या गालाला लागला होता. पुढे मी कितीतरी दिवस मनापासून बीट खाल्लं, जड व्हायचं म्हणून.

आणि तरीही, आप्पा, मला तुमचं ते हलकं असणं आवडायचं. रविवारी दमणगंगेवर जायचो. तुम्ही तापीकाठचे, पाण्याला भ्यायचा नाहीत. पाण्यात शिरायचात, पाठीवर पडायचात आणि हात पसरून नुसते राहायचात. हलायचं नाही, पोहायचं नाही. पोट वर, मिशा वर, डोळे मिटलेले. पाणी तुम्हाला हळूहळू फिरवायचं, पाय आधी पुलाकडे असायचे ते मग आमच्याकडे यायचे. मी काठावर मायच्या शेजारी बसून पाहायची आणि मला सगळं उमगल्यासारखं वाटायचं. आप्पांचं रक्तच तरंगतं, तर आप्पा तरंगणारच. बाकीच्या मुलींचे वडील बुडतील, माझे बुडणार नाहीत. हल्ली दुपारी डोळा लागला की मला तेच दिसतं. फक्त पाणी दमणगंगेचं नसतं, मोरचुदाचं असतं, निळंभोर, आणि तुम्ही त्यात लाल शर्ट घालून पडलेले असता. तुमच्याकडे लाल शर्ट कधी नव्हताच. तुम्ही खाली जाता, मध्ये थांबता, आणि माझ्याकडे बघून वर येता. मी जागी होते तेव्हा घाबरलेली नसते.

आज रविवार. काल इथंच थांबले, कारण माय उठली आणि तिला कळलं मी काय लिहितेय. तिला मी दवाखान्यातलं सगळं सांगितलं होतं, पण तेव्हा ती नुसती “बरं” म्हणाली होती. काल ती माझ्यासमोर येऊन बसली. “म्हणजे त्यांना काहीच झालेलं नव्हतं?” म्हटलं, काही नाही. “मग मी इतकी वर्षं बीट किसत होते ते कशाला?” तिचा चेहरा असा झाला होता की हसावं की पळावं कळेना. तुमचे जावई पेपराआड हसले, ते तिनं पाहिलं. मग ती पुष्कळ वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. म्हणाली, “म्हणजे माझ्या हातचं लागत होतं त्यांना.” मी म्हटलं, “लागत होतं, माय. तेवढे क्रेट उगीच उचलत होते का?” ती उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ नळ सुरू ठेवला. तुमच्या छातीत कळ येऊन तुम्ही मशीनपाशीच गेलात, तेव्हा आलेला प्रत्येक माणूस म्हणाला होता, अंगात रक्तच नव्हतं हो. तिनं ते आजवर स्वतःच्या स्वयंपाकावर घेतलं होतं. मला हे माहीत नव्हतं. मी तिच्याबरोबर राहते, तिच्या हातचं जेवते आणि मला माहीत नव्हतं.

आणि आज आखाजी आहे, अक्षय्य तृतीया. तुम्ही लावून दिलेली रीत अजून चालू आहे, आप्पा. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, आणि मायचं माहेर इतकं लांब, तुम्हाला सुट्टी मिळायची नाही. ती त्या दिवशी खापरावर पोळ्या करायची आणि डोळे पुसायची. मग ज्या वर्षी ती वाचली त्या वर्षीच्या आखाजीला तुम्ही म्हणालात, “चल, तुझ्या माहेरी नेतो,” आणि आम्हाला थेट किलवणीला काकांच्या दारात उभं केलंत. “तिच्या अंगात तुमचं रगत आहे. म्हणजे पोरगी तुमचीच झाली.” काका आणि काकू एकमेकांकडे बघत राहिले. त्यांच्याकडे आखाजी नव्हती, माहेराची ही भानगड नव्हती, पुरणपोळीचं काय करायचं तेही ठाऊक नव्हतं. पण काकूंनी मायला आत नेलं, डोक्याला तेल लावलं, आणि काकांनी आंब्याच्या फांदीला दोर टाकून झोका बांधला, कारण तुम्ही म्हणालात की माहेरी झोका लागतो. असा वेडेपणा तुम्हीच करावा. तेव्हापासून दर आखाजीला आम्ही तिथं जातो. तुम्ही गेलात त्या वर्षीही गेलो होतो.

आज काका ओट्यावर बसले होते. काकू आता नाहीत. काका फार वाळलेत आणि कानानं कमी ऐकतात. त्यांच्या घरामागेच आता एका कारखान्याची भिंत आलीय, तिच्यातून दिवसभर घूं असा आवाज येतो, पण आंबा आहे आणि झोका आहे. मी झोक्यावर बसले, नुसती टेकले, पाय जमिनीवरच ठेवून. पुरणपोळी आणि आंब्याचा रस खाऊन झाल्यावर मी काकांना मोठ्यानं सांगितलं, काका, दवाखान्यातल्या बाई म्हणतात, दुसऱ्याचं दिलेलं रक्त अंगात तीन-चार महिनेच राहतं, मग आपल्या शरीराचं नवं तयार होतं. म्हणजे तुमचं रक्त माझ्या मायच्या अंगातून कधीच संपलं. मी गमतीनं सांगायला गेले होते, पण शेवटचं वाक्य मायकडे न बघता बोलले. काकांनी नीट ऐकलं, रसाची वाटी खाली ठेवली आणि मायकडे बघून विचारलं, “म्हंजी मंग पुरनपोली बंद का काय?” माय इतकी हसली की तिला ठसका लागला. मग काका माझ्याकडे वळले. “तुझा बापूस येई, न पयला माझ्या दंडाला हात लावी. दर साली. मी बोले, अरे, काय बघतस? तो बोले, काय नाय.” एवढं बोलून त्यांनी स्वतःचा दंड दाखवला, जिथं सुई गेली होती तिथं. तिथं काही दिसत नव्हतं. मीही हात लावला.

येताना तुमच्या जावयांनी मोटारसायकल दमणगंगेच्या पुलावर जरा थांबवली. माय मागून रिक्षानं येत होती. ते गणिताचे मास्तर, त्यांना सगळं मोजून पाहायची सवय, पण आठवडाभर त्यांनी चारात एक हे शब्द तोंडातून काढलेले नाहीत. पुलावर म्हणाले, “माझ्यामुळे झालं तर?” मी म्हटलं, तुमच्यामुळे एकट्यानं काही होत नाही, माझंही अर्धं आहे त्यात. म्हणाले, “तुझं म्हणजे तुझ्या आप्पांचं.” मी म्हटलं, हो, माझ्या आप्पांचं. मग आम्ही दोघं खाली पाणी बघत राहिलो. उन्हात ते चमकत होतं आणि कुणी पोहत नव्हतं. मला भीती वाटत होती, आप्पा. फार वाटत होती. पोटावर हात ठेवला तर अजून तिथं काहीच हललेलं कळत नाही, आणि तरी मी त्या न हलणाऱ्याशी मनात बोलत होते.

सोमवार. दुपार झाली. मी कामावर गेले नाही, पॅकिंगचं खातं एक दिवस माझ्यावाचून चालतं. फोन आला तेव्हा माय भात घेत होती. डॉक्टरबाईंनी स्वतः केला. म्हणाल्या, “मिस्टरांचं सगळं नॉर्मल आहे. सुटलात.” मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. तुमचे जावई शाळेत होते, त्यांना वर्गातून फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, तर तिकडून आवाजच येईना. नंतर कळलं, ते ऑफिसातल्या खुर्चीत बसून रडत होते आणि शिपाई त्यांना पाणी पाजत होता. मायनं देवापुढे साखर ठेवली. मी भिंतीला टेकून खाली बसले, अगदी तुम्ही बसला होता तशी, पण हे बसणं वेगळं होतं. आमच्या बाळाला कुणाचं रक्त चढवावं लागणार नाही, आप्पा. ते खेळेल, शाळेत जाईल, भांडेल. डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या, “आता एवढंच, की बाळ तुमच्यासारखं असू शकतं. निम्मी शक्यता. लहान पेशी, बाकी काही नाही. उगीच लोहाच्या गोळ्या देऊ नका आणि त्याच्या लग्नाच्या वेळी लक्षात ठेवा.” आणि मग सहज म्हणून जोडलं, “तेवढंही न येवो म्हणजे झालं.” मायही लगेच तेच म्हणाली. संध्याकाळी हे घरी येतील तेव्हा हेही तेच म्हणतील. मी सगळ्यांपुढे मान हलवीन.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. नरोलीच्या आपल्या खोलीच्या जागी आता कुणाचं तरी गोदाम आहे आणि तुमचा दुसरा पत्ता मला माहीत नाही. तुमचे कपडे मायनं गावाकडे वाटून टाकले. फोटो एकच आहे, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, त्यातही तुमच्या मिशा तेवढ्या नीट आल्यात. म्हणून एक तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. सगळे नको म्हणतायत आणि मीही वरवर नको म्हणतेय. पण आज फोन ठेवल्यापासून मनात एकच आहे. या बाळाचा थेंब तरंगावा, आप्पा. निळ्या पाण्यात थोडा खाली जावा, मध्ये थांबावा आणि वर यावा. तुम्ही रागवाल, ताट सरकवाल. रागवा.